होळी ते आखाजी : खानदेशातील पाहुण्या पक्ष्यांचा परतीचा प्रवास

दसरा-दिवाळीच्या सुमारास तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत दूरदेशीचे पक्षी उतरू लागले की त्यांची वार्ता सर्वदूर पसरते. वृत्तपत्रांतून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, शाळांच्या सहली जलाशयांवर जातात, पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन काठावर बसतात. हेच पक्षी परत केव्हा जातात, जाण्यापूर्वी काय खातात व कोठे थांबतात, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. फाल्गुन-चैत्रात शाळांमध्ये परीक्षांची, कार्यालयांमध्ये वर्षअखेरीची आणि शिवारात रब्बीच्या काढणीची घाई असते. नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे होळीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत, यांपैकी बहुतेक पक्षी खानदेशचा निरोप घेतात. अक्षय्यतृतीया ही खानदेशची आखाजी. या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात. त्याच सुमारास हे पक्षीही आपल्या जन्मभूमीच्या वाटेवर असतात.

हा परतीचा प्रवास पक्ष्यांच्या वर्षातील सर्वांत कसोटीचा काळ होय. तो सुखरूप व्हावा यासाठी लागणारे अन्न व विश्रांती त्यांना आपल्या जलाशयांच्या काठांवर, माळरानांवर आणि पळस-सावरीच्या झाडांवर मिळत असते. म्हणून या दीड महिन्याची नोंद ठेवणे आणि या जागा सांभाळणे, ही दोन्ही कामे महत्त्वाची ठरतात. शाळा व ग्रामपंचायती ती अल्प श्रमांत करू शकतात.

खानदेशची भूमी आणि तिचे पाणी

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी खानदेशची रचना आहे. ब्रिटिश अमदानीतील विशाल खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. त्यांतून आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे उदयास आले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा या नद्या तापीस मिळतात. खोऱ्यातील काळी जमीन, डोंगरपायथ्याची माळराने व सातपुड्याची पानगळीची वने अशी तीन प्रकारची भूमी येथे जवळजवळ असल्याने पक्ष्यांमध्येही विविधता आढळते. सातपुड्यातील यावल अभयारण्य १९६९ मध्ये, तर शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले.

या प्रदेशातील पाणपक्षी मुख्यतः माणसाने बांधलेल्या जलाशयांवर अवलंबून आहेत. भुसावळ तालुक्यातील हतनूर, जळगावजवळील वाघूर, जळगाव शहरालगतचा मेहरूण तलाव, धुळ्याजवळील नकाणे व डेडरगाव तलाव, पांझरेवरील अक्कलपाडा ही त्यांची प्रमुख ठिकाणे होत. यांत हतनूरचे स्थान विशेष आहे. चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या बाजूस हे धरण बांधलेले असून त्याचे ४१ दरवाजे पावसाळ्यातील पूरवार्तांमुळे सर्वांस परिचित आहेत. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ येथे मोठ्या प्रमाणावर साचतो. सिंचनाच्या दृष्टीने ही चिंतेची बाब आहे. परंतु त्यामुळेच जलाशयाचा बराच भाग उथळ राहिला असून पाणवनस्पती, शिंपले, किडे व अळ्या यांची तेथे रेलचेल असते. उथळ पाण्यात चरणाऱ्या बदकांना व चिखलात चोच खुपसून भक्ष्य शोधणाऱ्या पक्ष्यांना असे ठिकाण मानवते.

हिवाळ्याच्या आरंभी जलाशय तुडुंब असतात. रब्बीची आवर्तने सुटू लागली की पाणी हळूहळू मागे सरते आणि माघ-फाल्गुनात काठाचा ओला गाळ उघडा पडतो. आपल्या दृष्टीने तो ओसाड चिखल असला तरी तुतवार, टिलवा, पाणटिवळा अशा पक्ष्यांचे ते भरलेले ताट असते. परतीच्या प्रवासाची शिदोरी ते तेथेच बांधतात.

पक्षी परत का जातात

उन्हाळा असह्य होतो म्हणून पक्षी पळ काढतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. खानदेशातील उन्हाचा तडाखा प्रसिद्ध आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते, हे खरे. तथापि अनेक पक्षी उन्हाळा कडक होण्यापूर्वीच निघालेले असतात. त्यांना निघण्याची सूचना मुख्यतः दिवसाच्या वाढत्या लांबीवरून मिळते. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या शरीरातील अंतःस्रावांत बदल होतो, भूक वाढते, त्वचेखाली चरबी साठू लागते आणि एक प्रकारची अस्वस्थता त्यांच्या ठायी दिसू लागते. लांब पल्ल्याचे काही पक्षी आपल्या मूळ वजनाच्या निम्म्याइतकी चरबी जमा करतात. हेच त्यांचे इंधन होय. प्रवासात दिशा राखण्यासाठी सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या तिन्हींचा ते उपयोग करतात.

उत्तरेकडील प्रदेशांत त्या वेळी बर्फ वितळू लागलेले असते. तेथील उन्हाळा छोटा, पण दिवस फार मोठे. कीटकांची विपुल पैदास होते आणि पिलांना भरविण्यास दिवसाचे अधिक तास मिळतात. जो पक्षी वेळेवर व सुदृढ स्थितीत पोहोचतो, त्याला घरट्यासाठी चांगली जागा मिळते. उशिरा किंवा अशक्त होऊन पोहोचणाऱ्या पक्ष्याची वीण फसण्याचा संभव असतो. खानदेशात मार्च महिन्यात पोटभर न मिळालेल्या अन्नाचा परिणाम अशा रीतीने हजारो किलोमीटर दूरच्या घरट्यावर होऊ शकतो.

भारतात येणारे बहुतेक स्थलांतरित पक्षी ज्या आकाशमार्गाचा वापर करतात त्यास मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे म्हणतात. सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत सुमारे ३० देशांवरून तो जातो. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या संरक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ पासून सहभागी आहे आणि या कराराची तेरावी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातमधील गांधीनगर येथे भरली होती.

पाणथळीवरील पाहुणे

जलाशयांवरील पक्ष्यांपैकी चक्रवाक ओळखण्यास सर्वांत सोपा. नारिंगी-तपकिरी अंगाचा, फिकट डोक्याचा हा पक्षी बहुधा जोडीने काठावर वावरतो. संस्कृत काव्यांतून विरहाचे प्रतीक ठरलेला हा पक्षी तिबेट, लडाख व मध्य आशियाच्या पठारांवर वीण करतो. तलवार बदकाच्या नराची टोकदार शेपटी व मानेवरची पांढरी पट्टी लांबूनही दिसते. थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी पसरट असते. चक्रांग, भिवई बदक आणि लालसरी हीही आपल्याकडे येणारी बदके होत. भिवई बदक हिवाळ्याच्या आधीच येणाऱ्या आणि उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्या बदकांपैकी आहे.

हतनूरसारख्या मोठ्या जलाशयांवर पट्टकादंबही उतरतात. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया व तिबेटच्या सरोवरांकाठी अंडी घालतो आणि परतीच्या वाटेवर हिमालय ओलांडतो. उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे पाठीवर बसवून शास्त्रज्ञांनी त्याचा मार्ग अभ्यासला असता तो ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याचे आढळले. मंगोलियात गळ्यात रंगीत, क्रमांकित पट्टे घातलेले काही पट्टकादंब भारतातील तलावांवर दिसले आहेत. अशा पट्ट्याचा रंग व क्रमांक टिपून कळविणारा सामान्य नागरिकही शास्त्रज्ञांना मोलाचे साहाय्य करतो. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ मध्ये पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. पक्ष्याच्या पायात असे कडे आढळल्यास त्यावरील अक्षरे व आकडे या संस्थेस कळवावेत.

शेतशिवारातील पाहुणे

स्थलांतर म्हटले की पाणपक्षीच डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात आपल्या शेतांत व माळरानांवरही असंख्य पाहुणे असतात. शेपटी सतत वर-खाली हलविणारे धोबी, बांधावर उभा राहून तांबूस शेपटी थरथरविणारा थिरथिरा आणि झुडपाच्या शेंड्यावर बसणारा गप्पीदास हे त्यांपैकी होत. माळावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या समजावा. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून येणारे भोवत्ये नाकतोडे व उंदीर टिपतात आणि रात्री कुरणांतील उंच गवतात जमिनीवरच झोपतात. कुरण पेटले अथवा नांगरले गेले की त्यांचा निवारा जातो.

परतीचा काळ हा या पक्ष्यांना पाहण्याचा उत्तम काळ आहे. हिवाळ्यात मळकट दिसणारे अनेक नर निघण्यापूर्वी विणीच्या हंगामाचा नवा पिसारा धारण करतात. पिवळ्या धोब्याच्या वेगवेगळ्या उपजाती हिवाळ्यात एकसारख्या भासतात. मार्च-एप्रिलमध्ये कोणाचे डोके निळसर, कोणाचे करडे, तर कोणाचे काळे झालेले दिसते. काळ्या डोक्याच्या भारिटाचे नरही याच दिवसांत पूर्ण रंगात येतात. पिवळ्या पोटाच्या या पक्ष्यांचे थवे पिकांच्या शिवारात उतरतात. ते हिमालयाकडे न वळता वायव्येकडे जातात आणि इराण, तुर्कस्थान व आग्नेय युरोपमध्ये वीण करतात.

खानदेशच्या शेतकऱ्याला सर्वांत परिचित असलेला पाहुणा म्हणजे भोरडी. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख व शेपटी आणि डोक्यावर शेंडी असलेली ही मैना शेकडोंच्या, कधी हजारोंच्या थव्याने फिरते. रब्बीची दादर ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे कणसांवर उतरतात. त्यांना हाकलण्यासाठी शेतकरी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवितात. त्यामुळे भोरडीची ख्याती पिकाची शत्रू अशीच आहे आणि शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु भोरडीची दुसरी बाजूही आहे. पळस, पांगारा व काटेसावर फुलले की ती मधासाठी या झाडांवर झुंबड करते आणि चोचीला व कपाळाला चिकटलेले पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेते. उन्हाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या या वृक्षांच्या फलधारणेस तिची मदत होते. वीण मात्र ती पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत करते. टोळ व नाकतोडे हे तेथे तिच्या पिलांचे मुख्य अन्न असते. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांचे नियंत्रण व्हावे म्हणून भोरड्यांना घरट्यांसाठी दगडांचे ढीग मुद्दाम रचून दिले जातात. आपल्याकडे गोफणीने हाकलला जाणारा पक्षी तेथे असा निमंत्रित असतो. दादरचे क्षेत्र घटून कापूस व मका यांचे क्षेत्र वाढल्यावर भोरड्यांचे थवे, त्यांच्या येण्या-जाण्याच्या तारखा व त्यांचे अन्न यांत काय फरक पडला, हे सांगू शकेल अशी सलग नोंद गावोगाव असती तर ती किती उपयुक्त ठरली असती!

परत जाणाऱ्यांबरोबर येणारेही

वसंत ऋतूत सर्वच पक्षी जातात असे नाही. काही याच सुमारास येतात. दक्षिण भारत व श्रीलंकेत हिवाळा घालविलेला नवरंग पावसाळ्यापूर्वी मध्य भारतातील वनांकडे परततो. सातपुड्याच्या नाल्यांकाठी त्याची दुहेरी शीळ ऐकू येऊ लागली की पाऊस दूर नाही असे समजावे. चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. काळे-पांढरे अंग व डोक्यावर शेंडी असलेला हा पक्षी मुख्यतः सातभाईच्या घरट्यात अंडे घालतो. ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावशा हा याहून वेगळा पक्षी होय. दोघांविषयी लोकांत गल्लत होते. नोंद करताना ती टाळावी.

जुन्या नोंदींचे मोल

एका साध्या, प्रामाणिक नोंदीचे मोल किती असते याचे उत्कृष्ट उदाहरण खानदेशातच घडले आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी खानदेशात होते. कामानिमित्त जिल्ह्यात हिंडत असता ते पक्ष्यांचे निरीक्षण करीत व नमुने गोळा करीत. ‘स्ट्रे फेदर्स’ या ॲलन ह्यूम यांच्या नियतकालिकात १८८२ मध्ये त्यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांनी जमविलेल्या नमुन्यांत रानपिंगळा हा दुर्मीळ घुबडवर्गीय पक्षी होता. १८८४ नंतर तो कोणास निश्चितपणे आढळला नाही आणि नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

मध्यंतरी १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे हा पक्षी मिळाल्याची एक नोंद अभ्यासकांसमोर होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील तो नमुना होता. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा तो डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून लांबविलेला नमुना असून त्यावर खोटी तारीख व खोटे ठिकाण घातले आहे, असे उघडकीस आले. खोटी नोंद बाजूस सारून खऱ्या नोंदींच्या आधारे शोध सुरू झाला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा दिसला.

रानपिंगळा स्थलांतर करीत नाही. तरीही ही हकीकत आपल्या विषयाशी निगडित आहे. खऱ्या तारखेची व खऱ्या ठिकाणाची नोंद शतकानंतरही वाट दाखविते आणि खोटी नोंद अभ्यासकांना चकवीत राहते, हा तिचा बोध होय. शिवाय, ती नोंद दौऱ्यावर हिंडणाऱ्या एका शासकीय अधिकाऱ्याने केलेली होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, पाटबंधारे कर्मचारी व शिक्षक यांचा आजही शिवाराशी नित्याचा संबंध असतो.

नोंदीतील उणीव आणि ती भरून काढण्याचा मार्ग

पक्षिगणनेचे अनेक उपक्रम सध्या चालू आहेत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या पक्षिगणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्यास आरंभ केला. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली व डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा सप्ताह आहे. हे सर्व उपक्रम मोलाचे असले तरी ते नोव्हेंबर, जानेवारी व फेब्रुवारी या महिन्यांत येतात. परतीचा काळ त्यांतून निसटतो. पक्षी केव्हा आले व केव्हा गेले याच्या तारखा नागरिकांकडून मिळविण्यासाठी ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम देशात २००७ मध्ये सुरू झाला होता. अशा तारखांची आवश्यकता आज अधिक आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. त्यासाठी पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी वापरण्यात आल्या. शिकारी पक्षी, स्थलांतर करणारी बदके व पाणथळीच्या काठावर वावरणारे पक्षी यांची घट चिंताजनक असल्याचे त्यात दिसून आले.

गावपातळीवर नोंद ठेवण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. एक वही, पक्ष्यांच्या चित्रांचे एखादे पुस्तक आणि शक्य असल्यास दुर्बीण एवढे पुरेसे आहे. पुढील पद्धत उपयुक्त ठरेल :

(१) चक्रवाक, तलवार बदक, भोरडी, थिरथिरा, काळ्या डोक्याचा भारीट यांसारख्या सहज ओळखू येणाऱ्या पाच-सहा जातीच प्रथम निवडाव्यात.

(२) ठरावीक तलाव अथवा शिवार निश्चित करावे आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत दर आठवड्यास एकाच वारी, सकाळच्या वेळी तेथे अर्धा तास निरीक्षण करावे.

(३) तारीख, वेळ, ठिकाण, जात व अंदाजे संख्या लिहावी. पक्षी काय करीत होते व पाण्याची पातळी कशी होती, तेही नमूद करावे.

(४) पक्षी दिसला नाही तर ‘दिसला नाही’ असे अवश्य लिहावे. एखादा पक्षी शेवटचा केव्हा दिसला हे त्या दिवशी कळत नाही; पुढील आठवड्यांतील रिकाम्या नोंदींवरूनच ते ठरते.

(५) ओळख निश्चित नसेल तर प्रश्नचिन्ह घालावे. अंदाजाने नाव लिहू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्षभर येथेच राहणाऱ्या काही पक्ष्यांची गणना चुकून पाहुण्यांमध्ये होते. काळ्या डोक्याचा व ठळक पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी हा आपला रहिवासी आहे. हिवाळी पाहुणा असलेल्या पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा असतो. चोचीवर पिवळा व लाल रंग असलेले हळदीकुंकू बदकही येथलेच. वारकरी पक्ष्यांत रहिवासी व पाहुणे दोन्ही असतात. म्हणून वारकऱ्यांच्या शेवटच्या तारखेपेक्षा त्यांच्या संख्येतील चढउतार टिपणे अधिक उपयुक्त ठरेल.

शाळांसाठी हा उपक्रम परिसर अभ्यासाचाच भाग होऊ शकतो. तारखांवरून आलेख काढणे, नकाशावर मंगोलिया व कझाकस्तान शोधणे, पाण्याची पातळी व पक्ष्यांची संख्या यांचा संबंध लावणे, यांतून गणित, भूगोल व विज्ञान यांचा मेळ साधतो. सुगरणीच्या खोप्यावर कविता रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी याच जळगावच्या मातीतल्या. शाळेची पायरी न चढलेल्या त्या कवयित्रीची निरीक्षणशक्ती विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवता येईल.

ग्रामपंचायतींचे कार्य

नोंदीइतकेच रक्षणही महत्त्वाचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे. मात्र शिकार थांबली तरी त्यांचे निवासस्थान सुरक्षित राहतेच असे नाही. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतील व्याख्येतून सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे वगळण्यात आले आहेत. खानदेशातील पाणपक्षी तर प्रामुख्याने अशाच जलाशयांवर राहतात. अभयारण्याच्या हद्दीत नसलेल्या अशा जलाशयांच्या काठांना या नियमांचे संरक्षण मिळत नाही. तेथील पक्ष्यांचे भवितव्य बहुतांशी जलसंपदा विभाग, काठावरील गावे, मच्छीमार व शेतकरी यांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते.

यातील कळीचा प्रश्न गाळपेर जमिनीचा आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बुडीत क्षेत्रातील जमिनी लागवडीसाठी एकसाली भाडेपट्ट्याने दिल्या जातात. धरणग्रस्त व अल्पभूधारक कुटुंबांना त्यांचा मोठा आधार असतो. तेव्हा त्या बंद कराव्यात असे कोणीही म्हणणार नाही. परंतु नांगर व कीटकनाशकाची फवारणी थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेली की चिखलातील अळ्या-किडे नाहीसे होतात आणि पक्ष्यांची शिदोरी हिरावली जाते. पाण्यालगतचा ओल्या गाळाचा एक अरुंद पट्टा मार्च-एप्रिलमध्ये मोकळा ठेवावा, त्यात फवारणी करू नये आणि तेथे गुरे व कुत्री मोकाट सोडू नयेत, एवढे ग्रामसभेने ठरविले तरी पुष्कळ साधेल. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरय, लहान आर्ली व टिटवी हे आपले रहिवासी पक्षी उन्हाळ्यात उघड्यावरच अंडी घालतात. या पट्ट्याचा लाभ त्यांनाही होईल.

मच्छीमार बांधवांनी तंगूसाची फाटकी जाळी पाण्यात वा काठावर टाकून न देता गोळा करावीत, कारण त्यांत पाय अडकून पक्षी मरतात. बांधावरील व गायरानावरील पळस, पांगारा आणि काटेसावर जपावी. नव्या लागवडीत या स्थानिक वृक्षांना स्थान द्यावे. कुरणांना वणवा लागणार नाही याची दक्षता घ्यावी.

या सर्व कामास कायद्याची चौकटही उपलब्ध आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. ही नोंदवही एकदाच भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. शाळेच्या वहीतील आठवड्यांच्या नोंदी दरवर्षी आखाजीनंतर तिच्यात उतरविल्या, तर गावाजवळ आपल्या पाण्याचा, पिकांचा व पक्ष्यांचा सलग इतिहास तयार होईल. दहा वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या की गाळपेर, मासेमारी किंवा वृक्षलागवड यांविषयीचे निर्णय ऐकीव माहितीवर अवलंबून राहणार नाहीत.

स्थलांतरित पक्षी कोणत्याही एका देशाचे नाहीत. मंगोलियाच्या सरोवरावर अंड्यातून बाहेर पडलेला पट्टकादंब हिवाळा हतनूरवर काढतो, म्हणून त्याच्या रक्षणाचा वाटा दोन्ही ठिकाणच्या माणसांना उचलावा लागतो. आपल्या वाट्याचे काम लहान आहे : काठाचा एक पट्टा, काही झाडे आणि एक वही. येत्या होळीपासून जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जलाशयकाठच्या शाळा व ग्रामपंचायतींनी या कामास प्रारंभ करावा.